ब्लँकमध्ये उगवणारं पीक: हेडस्पेस जीसीसाठी सॉल्व्हंट कसा निवडावा, कसा सांभाळावा

शेतकऱ्याच्या घरी पीक आलं की पेढे वाटतात. आमच्याकडे ब्लँकमध्ये, म्हणजे सॅम्पल न टाकता केलेल्या चाचणीत, पीक (मशीनच्या आलेखावरचा उंचवटा) आलं की चौकशी बसते. औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये जीसीवर, म्हणजे वाफेतले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हा प्रश्न पडतोच: व्हायलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) सॅम्पल टाकलंच नाही, नुसता डायल्युएंट, म्हणजे सॅम्पल विरघळवायचा सॉल्व्हंट आहे, मग हे मिथेनॉल आलं कुठून? बहुतेक वेळा ते डायल्युएंटच्या बाटलीतच असतं. कधी बाटलीच्या आसपास असतं. बाटली कशी निवडायची, उघडायची आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे गोंधळ नको: औषधातले उरलेले सॉल्व्हंट, ज्याला सगळे ‘आरएस टेस्ट’ (रेसिड्युअल सॉल्व्हंट) किंवा ‘ओव्हीआय’ (ऑरगॅनिक व्होलाटाइल इम्प्युरिटीज) म्हणतात. बल्क ड्रग (गोळी बनण्याआधीचं मूळ औषध) बनवताना टोल्युइन, मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन असं काहीबाही वापरलं जातं. पावडर कितीही वाळवली तरी त्यातलं थोडं आत अडकून राहतं. ते किती चालेल, हे औषधांचे निकष ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू३सी या मार्गदर्शक सूचनांनी ठरवून दिलंय. या सूचना १९९७ साली आल्या आणि अमेरिकेच्या फार्माकोपियाचं (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाचं) ४६७ क्रमांकाचं प्रकरण आज त्याच मर्यादांवर उभं आहे. तारापूर-महाडच्या बल्क ड्रग प्लांटपासून गोव्यात वेर्ण्याच्या टॅब्लेट कारखान्यांपर्यंत जिथे कुठे जीसी चालू आहे, तिथे त्याच्यासमोर हे काम असणारच.

हेडस्पेस म्हणजे काय, ते दोन ओळींत. फणस पिकलाय हे कळायला तो कापावा लागत नाही, घरात शिरल्यावर वासावरून कळतं. हेडस्पेस तेच करतं. बंद व्हायलमध्ये सॅम्पल डायल्युएंटात विरघळवायचं, गरम करायचं आणि द्रवाच्या वर जमलेल्या हवेतला थोडा भाग कॉलमवर, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या लांब बारीक नळीत, सोडायचा. औषधाची पावडर मशीनमध्ये जातच नाही, त्यामुळे लाइनर (मशीनच्या तोंडाशी असलेली काचेची नळी) आणि कॉलम घाण होत नाहीत. पण फणसाशेजारी कुणी कांदा चिरून ठेवला तर त्याचाही वास येणारच. डायल्युएंटातलं जे जे उडून जाण्यासारखं आहे, ते ते डिटेक्टरला दिसतं.

पायरी १: आधी मर्यादेचा हिशेब, मग खरेदी

नवीन मंडळी कॅटलॉग उघडून ‘सगळ्यात शुद्ध कोणता’ असं विचारतात. आधी कागद-पेन घ्या.

समजा तुमच्या पद्धतीत ५०० मिलिग्रॅम सॅम्पल ५ मिलि डायल्युएंटात जातं. म्हणजे १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम औषध. मिथेनॉलची मर्यादा ३००० पीपीएम (दहा लाखांत ३००० भाग). ती या द्रावणात आणली की होतात ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. डायल्युएंटात १ मायक्रोग्रॅम मिथेनॉल असलं तरी काही आभाळ कोसळत नाही.

आता बेंझिन घ्या. क्यू३सीच्या तीन वर्गांपैकी पहिल्या, सर्वांत घातक वर्गातलं, कर्करोगकारक, मर्यादा फक्त २ पीपीएम. त्याच द्रावणात ती होते ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. आणि समोर बाटली आहे ‘९९.९ टक्के शुद्ध’ असं लिहिलेली. उरलेला ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. त्यातलं बहुतेक पाणी असेल, मान्य. पण त्याचा हजारावा भाग जरी बेंझिन असला, तरी तो १ पीपीएम झाला, म्हणजे मिलिमागे साधारण १ मायक्रोग्रॅम. म्हणजे सॅम्पल न टाकताच तुम्ही मर्यादेच्या जवळपास पाचपट वर. लेबलवरच्या ९९.९ कडे बघून काहीच कळत नाही. त्या ०.१ मध्ये कोण बसलंय, ते महत्त्वाचं.

म्हणून यादी करा. पहिल्या वर्गातले सॉल्व्हंट मोजायचे असतील (बेंझिन २, कार्बन टेट्राक्लोराइड ४, १,२-डायक्लोरोइथेन ५ पीपीएम) तर डायल्युएंटात कंजुषी नको. दुसऱ्या वर्गातलेही सगळे सारखे नाहीत: क्लोरोफॉर्म ६०, हेक्झेन २९०, डायक्लोरोमिथेन ६००, टोल्युइन ८९०. आणि फक्त अॅसिटोन, इथेनॉल, इथाइल अॅसिटेट यांसारखे ५००० पीपीएमवाले तिसऱ्या वर्गातले पाहायचे असतील, तर साधा चांगला एआर (अॅनालिटिकल रिएजंट) ग्रेडचा डायल्युएंटही ब्लँक पास करून जातो. तिथे महागडी बाटली ओतणं म्हणजे पैशाचा चुराडा आहे, असं माझं स्पष्ट मत. परचेसवाल्यांना हे ऐकून फार आनंद होतो.

पायरी २: ग्रेडचं नाव वाचायला शिका

सर्वाधिक घोळ ‘एचपीएलसी ग्रेड’ या दोन शब्दांनी घातलाय. एचपीएलसी हे द्रवातले पदार्थ वेगळे करणारं दुसरं तंत्र. महाग आहे, बाटली चकचकीत आहे, म्हणजे जीसीलाही चालणार, असं गृहीत धरलं जातं. पण एचपीएलसी ग्रेड तपासताना मुख्यतः पाहतात काय? यूव्हीमध्ये तो किती पारदर्शक आहे आणि बारीक कण गाळलेत का. मिथेनॉल, हेक्झेन, डायक्लोरोमिथेन हे नेहमीच्या यूव्ही तरंगलांबीला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे त्या परीक्षेत ते बिनबोभाट पास होतात आणि तुमच्या एफआयडीसमोर (जीसीच्या ज्योतीवर चालणाऱ्या डिटेक्टरसमोर) येऊन उभे राहतात.

दुसरी ग्रेड ‘पेस्टिसाइड रेसिड्यू’ची. हिचा बाज वेगळाच. कीटकनाशकांचे अंश शोधताना काही पद्धतींत कितीतरी मिलि सॉल्व्हंट उडवून शेवटी १ मिलिवर आणतात. ५०० मिलिचं १ मिलि केलं तर सॉल्व्हंटमधली उडून न जाणारी घाण ५०० पट दाट होते. म्हणून तिथे उशिरा येणाऱ्या, जड अशुद्धी तपासलेल्या असतात. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने द्राक्षांसाठी बसवलेली पद्धत इथाइल अॅसिटेटने अर्क काढते. त्या कामाला ही ग्रेड हवी. आपल्याला इथे उलट हवंय: आपल्याला जड अशुद्धींशी देणंघेणं नाही, हलक्या, उडणाऱ्या अशुद्धी नकोत.

त्यासाठीच ‘जीसी-एचएस’ किंवा ‘हेडस्पेस ग्रेड’ असते. उत्पादकाने ती स्वतः हेडस्पेस जीसीवर चालवून, आयसीएचच्या यादीतल्या सॉल्व्हंटच्या जागी पीक नाही ना, हे बघितलेलं असतं. बारीक गाळून, नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली भरलेली बाटली येते.

जाता जाता: जीसीत थेट टोचायला किंवा स्टँडर्ड (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण) बनवायला जे सॉल्व्हंट घेता, त्यातले स्टॅबिलायझर विसरू नका. क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉल किंवा अॅमिलिन, डायक्लोरोमिथेनमध्ये बहुधा अॅमिलिन, टीएचएफमध्ये बीएचटी. ही भेसळ नव्हे, सॉल्व्हंट बिघडू नये म्हणून मुद्दाम घातलेलं असतं. पण क्लोरोफॉर्मचा स्टँडर्ड टोचला आणि इथेनॉलच्या जागी पीक दिसलं की नवा माणूस दिवसभर डोकं खाजवतो. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचा.

पायरी ३: डायल्युएंट कोणता?

पाणी पहिल्यांदा. स्वस्त, आणि एफआयडीला ते दिसत नाही. सॅम्पल पाण्यात विरघळत असेल तर दुसरीकडे बघूच नका. फार्माकोपियाची मूळ पद्धतही पाण्याचीच आहे. पण पाणी म्हणजे नळाचं नव्हे हो. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतं आणि नेमका तोच आपल्या यादीत आहे. शुद्धीकरण यंत्रातून ताजं काढलेलं पाणी काचेत घ्या. प्लास्टिकच्या कॅनमध्ये आठवडाभर पडलेलं पाणी लॅबच्या हवेतलं सगळं पिऊन बसलेलं असतं.

पाण्याचा दुसरा गुण समजून घेण्यासारखा आहे. एखादा पदार्थ द्रवात किती रमतो आणि वरच्या हवेत किती जातो, याच्या गुणोत्तराला ‘के’ म्हणतात. ४० अंशांना पाण्यात इथेनॉलचा के सुमारे १३५५, टोल्युइनचा साधारण ३, हेक्झेनचा ०.१४. म्हणजे इथेनॉल पाण्याला घट्ट मिठी मारून बसतं आणि हेक्झेन कधी एकदा बाहेर पडतो अशा घाईत असतो. हवेच्या आणि द्रवाच्या आकारमानाचं गुणोत्तर म्हणजे बीटा. वरच्या हवेत पदार्थ किती सापडणार, ते मूळ तीव्रतेला (के + बीटा) ने भागून येतं.

हे कागदावर करून बघा. २० मिलिची व्हायल, त्यात ५ मिलि द्रावण: बीटा झाला ३. १० मिलि भरलं तर बीटा १. हेक्झेनसाठी भाजक ३.१४ वरून १.१४ वर येतो, म्हणजे पीक पावणेतीन पट मोठं. इथेनॉलसाठी भाजक १३५८ वरून १३५६ वर. काही फरकच नाही! ‘पीक छोटं येतंय, सॅम्पल जास्त भरू’ हा सल्ला हेक्झेनला लागू पडतो, इथेनॉलला नाही. इथेनॉलला हलवायचं तर आच वाढवावी लागते. ८० अंशांना त्याचा के २१६ च्या आसपास उतरतो. किंवा पाण्यात मीठ, सोडियम सल्फेट घालून त्याची मिठी सैल करता येते. त्या मिठाचाही वेगळा ब्लँक लावा, नाहीतर घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

बरीच औषधं पाण्यात विरघळत नाहीत. मग उंच उत्कलनबिंदूचे डायल्युएंट येतात: डीएमएफ १५३ अंश, डीएमएसी १६५, डीएमएसओ १८९, एनएमपी २०२, आणि सगळ्यांच्या वर डीएमआय, २२५. उत्कलनबिंदू जितका उंच, तितका तो स्वतः कमी उडतो आणि क्रोमॅटोग्रामच्या शेवटाकडे, कुणाला धक्का न लावता, येतो.

मी स्वतः सुरुवात डीएमएसओपासून करतो. कारण साधं: डीएमएफ, डीएमएसी आणि एनएमपी तिघेही दुसऱ्या वर्गातले आहेत, प्रजननाला अपायकारक आहेत, आणि कित्येकदा औषध बनवताना तेच वापरलेले असतात. सॅम्पलमध्ये डीएमएफ मोजायचाय आणि डायल्युएंटही डीएमएफ, असं कसं चालेल? डीएमएसओ तिसऱ्या वर्गातला. पण त्याचे नखरे आहेत. तो १८.५ अंशांना गोठतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी स्टोअरमधून बाटली आणावी तर आत बर्फ. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून वरचा द्रव कधीच ओतू नका, कारण गोठताना अशुद्धी द्रवाच्या भागात ढकलल्या जातात. झाकण घट्ट ठेवून कोमट पाण्यात पूर्ण वितळू द्या, हलक्या हाताने हलवा, मग घ्या. शिवाय तो हवेतलं पाणी भराभर ओढतो आणि कातडीतून आत शिरतो, सोबत विरघळलेलं औषधही घेऊन. सांडला तर हातमोजा लगेच बदला. डीएमएफसमोर नेहमीचे पातळ नायट्राइल हातमोजे फार वेळ टिकत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पायरी ४: बाटली आली, आता?

सीओए (उत्पादकाचं तपासणी प्रमाणपत्र) उघडा. शुद्धतेचा आकडा वाचून खाली या. कार्ल फिशर चाचणीने पाणी किती, आणि मुख्य म्हणजे हेडस्पेस चाचणी कोणत्या तापमानाला केली? उत्पादकाने ८० अंशांना तपासलं असेल आणि तुमचा ओव्हन १२० ला चालत असेल, तर ते प्रमाणपत्र तुमच्या कामाचं अर्धंच आहे. तापल्यावर डायल्युएंट स्वतः थोडा मोडतो. जुन्या डीएमएफमधून डायमिथाइल अमाइन सुटतं, त्याचा वास सुकटीसारखा. डीएमएसओमधून डायमिथाइल सल्फाइड, उकडलेल्या कोबीसारखं. मुद्दाम हुंगू नका, पण उघडताना नाकात आलाच तर बाटली बाजूला काढा.

या डीएमएफच्या मोडण्याची किंमत जगाने २०१८ मध्ये पाहिली. वलसार्टान या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगकारक अशुद्धी सापडली. प्रक्रियेत डीएमएफ होता, त्यातून सुटलेलं डायमिथाइल अमाइन नायट्राइटला भेटलं आणि एनडीएमए तयार झालं. तेव्हापासून ‘सॉल्व्हंट आहे, उडून जाईल’ असं कुणी म्हणत नाही.

बाटली छोटी घ्या. अडीच लिटरची स्वस्त पडते खरी, पण रोज उघडझाप होऊन निम्म्यावर येईपर्यंत तिची ग्रेड फक्त लेबलवर उरते. झाकणावर उघडल्याची तारीख टाका. पिपेट थेट बाटलीत घालायचं नाही, छोट्या बीकरमध्ये ओतून घ्यायचं आणि उरलेलं परत ओतायचं नाही. कपाट वेगळं हवं. हेडस्पेस डीएमएसओ आणि डायक्लोरोमिथेनचा कॅन एकाच कपाटात म्हणजे लोण्याशेजारी बोका.

पायरी ५: ब्लँकची उतरंड

इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळं कसब इथेच आहे.

एका जागी काम करत असताना आमच्या ब्लँकमध्ये अॅसिटोन यायला लागलं. रोज नाही, फक्त सकाळच्या सेटमध्ये. नवी बाटली फोडली, पीक तसंच. दुसऱ्या लॉटची बाटली, तसंच. सेप्टम (व्हायलच्या झाकणातल्या रबरी चकत्या) बदलले, कॉलम रात्रभर भाजून काढला. तीन दिवस गेले, बॅच अडकलेली, प्रॉडक्शनचे फोन सुरू. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने सगळं थांबवलं आणि चार व्हायली लावायला सांगितल्या: एक रिकामी, फक्त क्रिम्प केलेली (झाकण दाबून बंद केलेली). दुसऱ्यात बाटलीतून थेट घेतलेला डीएमएसओ. तिसऱ्यात तोच डीएमएसओ, पण आधी व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये भरून मग घेतलेला. चौथ्यात फ्लास्क आणि पिपेट दोन्हींतून गेलेला.

पहिल्या दोन स्वच्छ. तिसऱ्यात अॅसिटोन उभं. म्हणजे बाटलीचा गुन्हा नव्हताच. काचसामान धुणारे काका रात्री फ्लास्क लवकर वाळावेत म्हणून शेवटचा हात अॅसिटोनचा मारत होते. त्यांच्या दृष्टीने ती जास्तीची स्वच्छता होती. दुपारपर्यंत ते अॅसिटोन आपोआप उडून फ्लास्क कोरडे व्हायचे, म्हणून दुपारी पीक नाही. आणि आम्ही तोवर दोन महागड्या बाटल्या वाया घालवल्या होत्या.

तर ही चार व्हायलींची उतरंड रोजच्या सेटमध्ये नसली, तरी नवा लॉट आला की आणि ब्लँकवर शंका आली की लावा. रिकाम्या व्हायलमध्येच पीक दिसलं तर सॉल्व्हंट निर्दोष. मग लॅबची हवा, सेप्टम, मागच्या इंजेक्शनचा उरलेला अंश, नाहीतर गॅस पाहायचा. कॅरिअर गॅस (वाफ कॉलममधून वाहून नेणारा) ९९.९९९ टक्क्यांचा आणि वाटेत हायड्रोकार्बन व ओलाव्याचे ट्रॅप असावेत, एवढं पुरे. हवेचे उद्योग मात्र अनंत: शेजारच्या टेबलावर मोबाइल फेज (एचपीएलसीत वाहणारा सॉल्व्हंट) बनतोय, कुणी हाताला सॅनिटायझर चोळलं, व्हायलवर मार्करने नंबर घातला, दिवाळीआधी पॅसेज रंगवायला काढला. थिनरमधलं टोल्युइन आपल्या ८९० पीपीएमच्या यादीत आहे, हे रंगाऱ्याला कोण सांगणार?

ब्लँकमध्ये किती पीक चालेल, हे पद्धतीतच लिहून ठेवा. मर्यादेच्या स्टँडर्डच्या पीकच्या काही ठरावीक टक्क्यांच्या आत, असं. ‘नगण्य’ हा शब्द ऑडिटमध्ये फार महाग पडतो. आणि ब्लँकचं क्षेत्रफळ सॅम्पलमधून वजा करून सुटका करून घ्यायची सवय लावू नका. आजचा ब्लँक आणि उद्याचा ब्लँक सारखा असेलच असं नाही.

पायरी ६: व्हायल, झाकण, तापमान

सेप्टमची पीटीएफई (टेफ्लॉन) बाजू सॅम्पलकडे. उलटं बसलं तर सिलिकॉन तापून आपले पीक सोडतो. क्रिम्प केल्यावर झाकण दोन बोटांनी फिरवून बघा: फिरलं तर सैल, सेप्टम मधोमध फुगला किंवा दबला तर जास्त घट्ट. सैल झाकणाची गंमत अशी की सगळेच पीक थोडे थोडे छोटे येतात आणि कुणाला शंकाही येत नाही. द्रावण निम्म्यापेक्षा वर भरू नका. ओव्हनपेक्षा लूप (वाफ मोजून घेणारी नळी) थोडा गरम, लूपपेक्षा ट्रान्सफर लाइन (ती वाफ जीसीकडे नेणारी नळी) थोडी आणखी गरम. उलटं केलं तर वाटेत वाफेचं पाणी होतं आणि पुढच्या व्हायलमध्ये मागचं भूत दिसतं.

ओव्हनचं तापमान डायल्युएंटच्या उत्कलनबिंदूच्या बरंच खाली ठेवायचं, हे सगळे सांगतात. त्याहून कमी वेळा सांगितलं जातं ते असं की सॅम्पलनेही ते तापमान सोसलं पाहिजे. २०१९ मध्ये रॅनिटिडिन या आम्लपित्ताच्या औषधात एनडीएमएचे प्रचंड आकडे आले, तेव्हा अमेरिकेच्या एफडीएने दाखवून दिलं की १३० अंशांच्या जीसी पद्धतीत औषध तापून एनडीएमए तिथेच तयार होत होतं. कमी तापमानाच्या पद्धतीने आकडे खूप खाली आले. औषधात दोष नव्हता असं नाही. साठवणीत एनडीएमए वाढतं हे नंतर दिसलं आणि २०२० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढायला लावलं गेलं. पण पहिले आकडे मशीनने शिजवलेले होते. म्हणून पद्धत बसवताना एकच सॅम्पल दोन-तीन तापमानांना लावून बघा. एखादं पीक तापमानासोबत थांबतच नसेल, वाढतच जात असेल, तर ते सॅम्पलमध्ये होतं की व्हायलमध्ये जन्मलं, हे आधी शोधा.

फार्माकोपियाची पद्धत वापरत असाल तर अॅसिटोनायट्राइल आणि डायक्लोरोमिथेन या जोडीवर नजर ठेवा. पहिल्या कॉलमवर ते शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यातलं रिझोल्यूशन (दोन पीक किती वेगळे पडतात, त्याचं माप) किमान १.० हवं. डायल्युएंटमध्ये डायक्लोरोमिथेनचा अंश असेल तर तो नेमका इथे घुसतो आणि नवशिक्या कॉलम खराब झाला म्हणून नवा मागवतो.

नवा लॉट घेताना

जुन्या बाटलीतला शेवटचा ५० मिलि संपवू नका. नव्या लॉटचा ब्लँक त्याच दिवशी, त्याच सेटमध्ये, जुन्याच्या शेजारी लावा. दोन क्रोमॅटोग्राम एकावर एक ठेवून वाय-अक्ष ताणा, अगदी बेसलाइनचा गवताळपणा दिसेपर्यंत. पूर्ण स्केलवर दोन्ही स्वच्छच दिसतात. जुन्यात नसलेलं काही नव्यात उगवलं, तर लॉट नंबर, तारीख आणि रिटेन्शन टाइम (पीक कितव्या मिनिटाला आलं) वहीत टाका, बाटलीवर ‘फक्त तिसऱ्या वर्गासाठी’ अशी चिठ्ठी लावा आणि मगच स्टोअरला फोन करा.